स्वतःच्या पेशावर विनोदी लिहिलं, पुढे काय झालं? (अनुभव)

आपल्याच पेशावर विनोदी लिहिल्यामुळे नोकरीत, बढतीत फरक पडला का? भलाबुरा कसाही अनुभव असो, मोकळेपणाने सांगा. सुरुवात मी करते.

हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. एका दिवाळी अंकात अप्रेझलवर, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनावर, लेख लिहिला. नाव कुणाचंच नव्हतं. पण त्यातला मॅनेजर कॉल म्यूट करून डब्यातले भिजवलेले बदाम सोलायचा आणि सालं टिश्यूवर ओळीने मांडून ठेवायचा. अख्ख्या मजल्याने ओळखलं. सर मला चकार शब्द बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून डबा आणायचे बंद झाले. एचआरने बोलावून समज दिली, रेटिंग घसरलं, सहा महिन्यांत मी राजीनामा दिला. रेटिंगचं दुःख केव्हाच विरलं. तो डबा मात्र अजून डोळ्यांसमोर येतो. मला लिहायचं होतं बेल कर्व्हवर, म्हणजे टीममधल्या कुणाला तरी रेटिंगच्या खालच्या रकान्यात बसवावंच लागतं त्यावर. लोक हसले ते सरांच्या बदामांवर. चूक माझी होती.

शिक्षक, धायरी
जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तालुका सांगत नाही. पोषण आहाराचं रजिस्टर, मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती यांतून वेळ उरलाच तर शिकवणाऱ्या गुरुजींवर एकांकिका लिहिली. कारणे दाखवा नोटीस आली, १९६७ च्या जिल्हा सेवा (वर्तणूक) नियमांचा हवाला देऊन. संघटनेतल्या एका ज्येष्ठ सरांनी माझ्यासोबत बसून खुलासा लिहिला. प्रकरण दप्तरी दाखल झालं, म्हणजे तिथेच मिटलं, सेवापुस्तकात नोंद नाही. पण पुढची दोन वर्षं ऑफिसचा फोन आला की पोटात गोळा यायचा. सरकारी नोकरीतल्यांना कळकळीने सांगतो, छापायला देण्याआधी आपले वर्तणूक नियम स्वतः वाचा.

वकील, शिवाजीनगर
'तारीख' या विषयावर लिहिलं आणि आधी सीनियरना दाखवलं. न्यायाधीशांच्या तोंडचे दोन परिच्छेद त्यांनी लाल पेनाने काढले. "न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा विसरू नकोस," म्हणाले. वकिलांवरचं सगळं तसंच ठेवलं. ते वाचून एक आजोबा जागेच्या दाव्याचे कागद पिशवीत घेऊन आले. "तारखेचं खरं लिहिलंत, आता माझं बघा." माझं स्वतःचं पहिलं वकीलपत्र तेच.

डॉक्टर, कोथरूड
रेसिडेंट असताना गॅदरिंगला वॉर्डवर स्किट केलं. बॉस पोट धरून हसले, करिअरला धक्का नाही. पण रात्रपाळीच्या सिस्टर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला सुईसाठी व्हेन (शीर) मिळत नसली की आधी त्याच धावून यायच्या.

डॉक्टर, त्या सिस्टर नंतर कधी भेटल्या का?

डॉक्टर, कोथरूड
भेटल्या, निवृत्तीच्या दिवशी. म्हणाल्या, "आवाज अगदी माझा काढला होतास. माझी मुलगी समोर बसली होती रे."