विषय: क्रीडादिनाची पेटी, दात आणि १११

प्रेषक: सचिव, मंडळ
मंडळी, नमस्कार.
ऑगस्टच्या बँक हॉलिडेला (इथली इंग्लंडमधली सोमवारची सार्वजनिक सुट्टी) मुलांचा क्रीडादिन आहे. लंगडी, खो-खो, पोत्यांची शर्यत, म्हणजे कोणी ना कोणी तोंडावर आपटणारच. प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेज आहे, बर्फाच्या पिशव्या आहेत. दातांसाठी काहीच नाही. त्यात सोमवारी नेहमीचे दंतवैद्य बंद. ईमेल यादीवरच्या जाणकारांनी कृपया सांगावं.

———

प्रेषक: दंतवैद्य, रेडिंग
सचिवताई, ०.९ टक्के सलाइनच्या छोट्या कुप्या, निर्जंतुक गॉज, झाकणाची स्वच्छ डबी आणि साध्या दुधाचं एक पाकीट एवढं पेटीत टाका. साधं म्हणजे साधं; कोजागिरीचं उरलेलं मसाला दूध चालत नाही.

दात निखळला तर आधी मुलाचं वय विचारा. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर पुढचा दात दुधाचाच समजा. दुधाचा दात परत बसवायचा नाही, कधीच नाही. त्याच्या मागेच पक्क्या दाताची कळी असते, तिला धक्का बसतो. घोळ होतो तो सहा ते आठ वर्षांच्या मुलांत. खालचे मधले पक्के दात सहा-सातव्या वर्षी येतात, वरचे सात-आठव्या. पक्का दात आकाराने मोठा, किंचित पिवळसर, आणि नवा असेल तर कडेला करवतीसारखे दाते असलेला दिसतो.

पक्का दात पडला की मात्र मिनिटं मोजायची. मुळाला चिकटलेल्या पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात मरतात, आणि दात हाडाशी पुन्हा नीट जुळणं त्यांच्यावरच अवलंबून असतं. दात चावायच्या बाजूने धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये नुसता विसळा, चोळू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथल्या तिथे खाचेत बसवा, फुगीर बाजू ओठाकडे, आणि घडी घातलेला रुमाल चावून धरायला द्या. हात धजत नसेल तर दात दुधात टाकून निघा. बरेच जण टिश्यूत गुंडाळून आणतात, ते सगळ्यात वाईट. नळाच्या पाण्यात बुडवून ठेवणंही वाईटच, कारण पेशी पाणी शोषून फुटतात. पुढे दंतवैद्य तो दात शेजारच्या दातांना लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच मुदतीत रूट कॅनालही सुरू करावं लागतं. दात मातीत पडला असेल तर धनुर्वाताच्या लसींची नोंद बरोबर न्या.

दाताचा तुकडा उडाला तर तोही शोधून दुधात ठेवा, बऱ्याचदा चिकटवता येतो. तुकडा सापडत नाही आणि मुलाला खोकला लागलाय, तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. सरळ ए अँड ई (रुग्णालयाचा अपघात व तातडीचा विभाग). डोक्याला मार, उलटी, क्षणभर का होईना शुद्ध हरपणं, यांतलं काही असेल तर दात राहू दे, आधी डोकं.

———

प्रेषक: एक पालक, स्लाव
दादा, आपटल्याचं समजलं. पण रात्री दोनला दाढ ठणकली तर सरळ ए अँड ईला नेलं तर बिघडलं कुठे? चोवीस तास उघडं असतं, फुकट असतं. आणि आम्ही कुठल्याच एनएचएस (सरकारी आरोग्यसेवेच्या) डेंटिस्टकडे रजिस्टर नाही.

———

प्रेषक: दंतवैद्य, रेडिंग
बिघडत एवढंच की तिथे बहुधा दंतवैद्यच नसतो. चार-पाच तास बसून वेदनाशामक मिळतं आणि "डेंटिस्टला दाखवा" असा कागद. दाढ तशीच.

रजिस्टर नसण्याची धास्ती सोडा. इंग्लंडमध्ये जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) असते तशी नोंदणी एनएचएस दंतवैद्याकडे २००६पासून नाहीच. (स्कॉटलंडमध्ये अजून आहे, तिथल्या मंडळींनी गल्लत करू नये.) १८ वर्षांखालच्या मुलाला एनएचएसचे दंतोपचार मोफत आहेत, तातडीचेसुद्धा. तेव्हा १११ला, म्हणजे एनएचएसच्या सल्ला-क्रमांकाला, फोन करा. त्यांची ऑनलाइन प्रश्नावली पाच वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे. त्याहून लहान मूल असेल तर फोनच. घरी आजी-आजोबा एकटे असतील तर त्यांना सांगून ठेवा की दुभाषा मागता येतो.

फोनवर "खूप दुखतंय" एवढ्याने काम होत नाही, कारण समोरचा माणूस ठरावीक प्रश्नांवरून निकड ठरवतो. दुखणं कधीपासून, मूल झोपेतून उठतं का, गालावर किंवा हिरडीवर सूज, ताप किती, पाणी पितंय का, कोणतं औषध किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून मग फोन उचला. गालाची सूज विसरू नका. निकड त्यावर बरीच ठरते.

ए अँड ई किंवा ९९९ (आणीबाणीचा नंबर) यासाठी ठेवा: सूज डोळ्यापर्यंत चढली, जिभेखाली किंवा हनुवटीखाली आली, तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, श्वासाला त्रास, किंवा दाबूनही रक्त थांबत नाही. अशा सुजेत जंतुसंसर्ग मानेच्या पोकळ्यांत उतरत असतो, तिथे सकाळची वाट पाहायची नाही.

उलट, चिमुरड्याचा वरचा ओठ आणि हिरडी यांमधला पडदा फाटला की रक्त पाहून सगळे हादरतात. गॉज धरून दहा मिनिटं सलग दाबा. मध्येच उघडून बघायचं नाही. बघितलं की गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

अँटिबायोटिकचा हट्टही धरू नका. नुसत्या ठणक्यावर त्याचा उपयोग नाही, ते पसरणाऱ्या सुजेसाठी. तातडीच्या भेटीत वेदना थांबवतात, बहुधा तेवढंच. किडलेली दाढ काढायला मूल तयार नसलं तर पुढे सामुदायिक दंतसेवेकडे, आणि गरज पडली तर रुग्णालयात भूल देऊन. त्या रांगेला महिने लागू शकतात. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सर्वांत मोठं कारण कित्येक वर्षं दातांची कीड हेच आहे. म्हणून ठणका थांबला की पुढची भेट रद्द करू नका. दाताची नस मेली की दुखणं थांबतं, कीड थांबत नाही.

आणखी एक. दात काढायचा असेल तर आई किंवा वडिलांची संमती लागते, तेव्हा आजोबांबरोबर पाठवलंत तर फोन उचला. बधिर केलेला ओठ मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी तो सुजून येतो. दोन-तीन तास लक्ष ठेवा.

———

प्रेषक: फार्मसिस्ट, हॅरो
औषधाचं मी सांगते, कारण घोटाळा बाटलीत असतो. इथलं लहान मुलांचं पॅरासिटामॉल ५ मि.ली.त १२० मि.ग्रॅ. असतं: दोन ते चार वर्षांना ७.५ मि.ली., चार ते सहा वर्षांना १० मि.ली. सहाच्या पुढचं ५ मि.ली.त २५० मि.ग्रॅ.: सहा ते आठ ५, आठ ते दहा ७.५, दहा ते बारा १० मि.ली. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही.

भारतातून आणलेल्या बाटल्या वेगळ्या. थेंबांच्या कुपीत १ मि.ली.तच १०० मि.ग्रॅ. असू शकतं, ते चमच्याने ५ मि.ली. पाजलंत तर ५०० मि.ग्रॅ. पोटात गेलं. कॉम्बिफ्लामच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतात, त्यावर आणखी कॅलपॉल (तेही पॅरासिटामॉलच) नको. निमेसुलाइड असेल तर फेकाच, भारतातही २०११पासून बारा वर्षांखाली बंदी आहे. अ‍ॅस्पिरिन सोळाच्या आत नाही.

आयबुप्रोफेन (५ मि.ली.त १०० मि.ग्रॅ.) चार ते सहा वर्षांना ७.५, सात ते नऊ वर्षांना १० मि.ली., दिवसातून तीनदा, काहीतरी खाऊन. कांजिण्या असतील तर नको, दमा असेल तर आधी विचारा. एकाने भागलं नाही तरच दुसरं, आणि वेळा लिहून ठेवा.

———

प्रेषक: एक काकू, वेम्बली
लवंगेच्या तेलाचं काय गं? आमच्याकडे तेच लावायचे.

———

प्रेषक: फार्मसिस्ट, हॅरो
काकू, मोठ्यांना बोळ्यावर एखादा थेंब ठीक. लहान मुलांना नको. हिरडी भाजते, आणि लहान मुलाने चमचाभर गिळलं तर यकृताला इजा होऊन झटकेही येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. त्याऐवजी गालावर बाहेरून थंड शेक आणि कोमट मिठाचं पाणी, मूल चूळ थुंकू शकत असेल तर.

———

प्रेषक: सचिव, मंडळ
सलाइन आणि गॉज मी आणते, दूध सकाळी दुकानातून. त्या सोमवारी तातडीने बघणारं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, हे शुक्रवारी १११वर विचारून झाकणाच्या आत चिकटवते. मैदानाचा पोस्टकोडही तिथेच.