साइड बॅगा लावून गाडी काढली तर दंड बसतो का? (संभाजीनगर – नांदेड – माहूर)

गंगाखेडकर_१२५

गाडी १२५ सीसी, बीएस सिक्स, मागे ड्रम ब्रेक. दिवाळी झाली की संभाजीनगरहून जालना, मंठा, जिंतूर, परभणी, वसमत करत नांदेड आणि तिथून भोकर-किनवटमार्गे माहूरला निघायचंय. माझं वजन ७२, मागे बायको, तिचं ५५. सीटवरून टाकायच्या कापडी बॅगा घेतल्यात, दोन्ही मिळून ५० लिटर.

लावून बघितल्या तर डावी बॅग साडीगार्डवर नीट बसते, पण मागचा इंडिकेटर अर्धा झाकते. उजवी सायलेन्सरला टेकते. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, साडीगार्ड कापून त्याच जागी स्टे (बॅग टेकवायची सळईची चौकट) वेल्ड करून देतो. मित्र म्हणतो, बॅग दिसली की मॉडिफिकेशनचा पाच हजार दंड. मग रोज सकाळी दोन्ही बाजूंना कॅन लटकवून जाणारे दूधवाले कसे सुटतात? आणि जालन्यापर्यंत समृद्धीवरून गेलं तर चालतं का?

कलम_आणि_क्लच

मित्राने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. तो केला तर कलम १८२ए(४) लागतं. प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पट्ट्यांनी अडकवलेली आणि मुक्कामाला सोडवून खोलीत नेता येणारी बॅग त्यात बसत नाही. बॅग लावणं हा गुन्हा नाही. बॅगेने काय झाकलं आणि बॅगेसाठी काय कापलं, यावर दंड ठरतो.

तुमच्याकडे या दोन्ही भानगडी आहेत. साडीगार्डला लोक शोभेची जाळी समजतात, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे ते सक्तीचं आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. मागच्याला धरायला हँडल आणि फूटरेस्टही त्याच नियमात येतात. तुमच्या मागे साडी किंवा ओढणी असणार, तेव्हा कापायचा विषय सोडाच.

इंडिकेटर, टेल लाइट, मागचा लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट मागच्या गाडीवाल्याला पूर्ण दिसली पाहिजे. अक्षरं दुचाकीच्या मागच्या प्लेटवर ३५ मिमी आणि आकडे ४० मिमी उंच असतात. बॅगेचा पट्टा एका आकड्यावरून गेला तरी ई-चलानच्या फोटोत नंबर अर्धवट येतो आणि तुम्हाला थांबवायला कारण मिळतं. अशा किरकोळ गोष्टींना कलम १७७ : पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १५००.

मागे डिक्कीसारखा डबा लावायचा विचार असेल तर २०२० पासून त्याची मापं ठरलेली आहेत. लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिमी, याहून मोठा नको. डबा मागच्या सीटवर ठेवला तर चालवणारा एकटाच. सीटच्या मागे बसवला तर दुसऱ्याला परवानगी. ही मापं डब्याची आहेत, बाजूच्या कापडी बॅगांची नव्हेत.

दूधवाल्याची प्लेट झाकलेली असेल तर तोही दंडाला पात्रच आहे. तो रोज त्याच चौकातून जातो, तुम्ही जिंतूरच्या चौकात पाहुणे आहात, एवढाच फरक.

कागदं : लायसन, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं चालतं, पण गॅलरीतला फोटो म्हणजे कागद नव्हे. किनवटच्या पुढे जंगलात रेंजचा भरवसा नाही, म्हणून लायसन आणि आरसीची मूळ कार्डं जवळ ठेवा, आणि ती खिशात. बॅगेच्या तळाशी नकोत. विमा संपलेला असेल तर २०००, पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० पर्यंत. हेल्मेट दोघांनाही, आयएसआयचं आणि हनुवटीखाली पट्टा लावलेलं. नसेल तर पैशांबरोबर तीन महिने लायसन जाऊ शकतं.

भोकर_फाटा

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, इंटरचेंजवरूनच परत पाठवतात. बदनापूरवरून जाणारा जुना जालना रोड धरा. बाकी राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, कडेच्या लेनमधून निघून जायचं.

दिवाळीनंतर ऊस सुरू झालेला असतो. परभणी-वसमत भागात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि लोंबणारा ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर. अंधार पडायच्या आत नांदेड गाठा.

पाना_दहाबारा

कायद्याचं वर आलंच आहे. आता बसवायचं बघू.

स्टे करायचा तर बोल्टवरचा. १० मिमी एमएस सळई वाकवून, टोकांना पट्टी लावून आधीच वेल्ड केलेला स्टे गाडीला फक्त बोल्टने कसायचा. मागच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट आणि ग्रॅब रेलचे (मागच्याने धरायच्या हँडलचे) बोल्ट या जागा चांगल्या. शॉकअबच्या वरच्या स्टडवर पट्टी सरकवू नका. पट्टीच्या जाडीइतके आटे कमी पकडतात, नट सुटला की शॉकअबच निसटतं. ग्रॅब रेलला पट्टीच्या जाडीइतका लांब बोल्ट घ्या, ८.८ ग्रेडचा, मागे नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज न सुटणारा) नट. पहिल्या १०० किमीनंतर परत कसा. चेसीवर थेट वेल्डिंग करू देऊ नका, त्या जागी पाइप कमजोर होतो आणि खड्ड्यांत तिथूनच तडकतो. कोणी केलंच, तर निदान बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कनेक्टर आधी काढायला लावा, नाहीतर बीएस सिक्सच्या ईसीयूचा खर्च अंगावर येतो.

इंडिकेटरसाठी बाजारात एक्स्टेन्शन ब्रॅकेट मिळतात, दोन-अडीच इंच मागे नेतात. वायर ताणू नका. शॉकअब दाबून बघा. मग दहा पावलं मागे, थोडं बाजूला उभं राहून दोन्ही इंडिकेटर दिसतात का तपासा.

सायलेन्सरपासून चार बोटं अंतर हवं आणि तेही बॅग भरून, दोघं बसून. रिकाम्या बॅगेचं अंतर काही कामाचं नाही, कारण भरल्यावर तळ लोंबतो आणि मागचं बसल्यावर शॉकअबही खाली येतं. नायलॉन आधी चकाकतं, मग चिकटतं, मग भोक पडतं. स्टेला जाळीचा पत्रा लावलात तर उत्तम.

पट्टे सीटखालून घ्या, सीटवरून नकोत. हुकाची इलॅस्टिक दोरी मुख्य बांधणीला अजिबात नको. ती ताणते, बॅग झुलते आणि हुक निसटला तर तो सरळ चाकात जातो. बकलचा पट्टा वापरा. उरलेलं टोक गुंडाळून जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद कापात अडकवा. लोंबणारं टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेलं की मागचं चाक चालत्या गाडीत जाम होतं. बॅगांच्या अपघातांत ही सगळ्यात वाईट तऱ्हा.

जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला. टूलकिट, पाण्याच्या बाटल्या, चार्जर मागच्या एक्सलच्या पुढे यायला हवेत. १२५ च्या गाडीत इथंच गोची होते : मागे बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना जागा द्यायची तर बॅग मागे सरकते, वजन एक्सलच्या मागे जातं, पुढचं हलकं होतं आणि सत्तरच्या पुढे हँडल थरथरू लागतं. तसं झालं तर ब्रेकवर पाय मारू नका, थ्रॉटल हळू सोडा. डाव्या-उजव्या बॅगांत किलोभराहून जास्त फरक नको, काट्यावर मोजा. बॅगांची रुंदी हँडलच्या टोकांबाहेर जाऊ नये, म्हणजे पुढून जिथून हँडल निघालं तिथून मागचंही निघतं.

शॉकअबला खाली खाचा असतात, टूलकिटमधल्या अर्धगोल पान्याने फिरतात. मागे माणूस आणि सामान असेल तर दोन खाचा पुढे, म्हणजे कडक बाजूला, दोन्हीकडे सारख्याच. हवा सकाळी टायर थंड असताना, स्टिकरवरच्या ‘पिलियन’च्या (मागे माणूस असतानाच्या) आकड्याप्रमाणे. चेनची ढील गाडी भरून, दोघांना बसवून बघा. मागचं खाली बसलं की एका टप्प्यापर्यंत चेन ताणते, आणि रिकाम्या गाडीवर कडक केलेली चेन बेअरिंग खाते.

हेडलाइट सगळे विसरतात. मागचं दबलं की झोत वर जातो आणि समोरचा डिपर मारत राहतो. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर रिकामी गाडी उभी करून झोताच्या वरच्या कडेला खडूची रेघ मारा, मग भरून झोत त्या रेघेवर आणा. हेडलाइटखाली स्क्रू असतो.

पावसाचं कव्हर वाऱ्याने फुगतं आणि उडतं. कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. खताच्या पोत्यातलं अस्तर फुकट मिळतं, फक्त तीनदा धुवा, नाहीतर माहूरच्या गडावर युरियाचा वास घेऊन चढाल.

गंगाखेडकर_१२५

साडीगार्ड राहू देतो, स्टे बोल्टवरचाच करतो. वजनाचं वाचून मॅन्युअल काढलं. त्यात कमाल पेलोड १३० किलो लिहिलंय. हे सामानाचं का?

पाना_दहाबारा

नाही. पेलोड म्हणजे गाडीवर चढणारं सगळं : तुम्ही, मागचं माणूस, हेल्मेट, बूट, बॅगा, स्टेसुद्धा. ७२ आणि ५५ म्हणजे १२७. उरले तीन, आणि रिकाम्या बॅगाच दोन-अडीच किलोच्या असतात. भरल्या तर १५-१८ किलो सहज. गाडी तेवढ्यावर चालेल हो, कोणी काट्यावर चढवून दंडही मारणार नाही, पण ड्रम ब्रेक, स्पोक आणि मागचा टायर १३० धरूनच दिलेले आहेत. माहूरचा गड उतरताना ड्रम तापला की पेडल दाबूनही ब्रेक पकडत नाही. उतारावर दुसरा गिअर आणि दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, हे तर आहेच, पण त्याने वजन कमी होत नाही.

भोकर_फाटा

वहिनींना संभाजीनगरहून नांदेडच्या रेल्वेत बसवा. तपोवन, देवगिरी दोन्ही जालना-परभणीवरूनच जातात. तुम्ही एकटे बॅगा लावून या, ७२ अधिक १८ म्हणजे ९०, गाडीला काहीच नाही. नांदेडला खोली घेऊन बॅगा तिथेच सोडा आणि माहूरला दोघं एका मुक्कामाच्या कपड्यांची छोटी पिशवी घेऊन जा. हवा परत बघा, शॉकअबच्या खाचा त्याच राहू द्या. हेडलाइटचा स्क्रू मात्र नांदेडला भिंतीसमोर परत एकदा लावून घ्या, कारण मागचं वजन बदललेलं असेल.