बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन: दुर्बिणीतून केलं तर इन्फेक्शन होत नाही का?

सागर_बार्शी:
नमस्कार मंडळी, बाबा ६३ वर्षांचे आहेत, उजव्या जांघेत हर्निया आहे, आमच्याकडे जुनी माणसं आंतरगळ म्हणतात तोच. खोकला आला की लिंबाएवढी गाठ वर येते, आडवे झाले की आत जाते. शुगर १२ वर्षांपासून, आता एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.२ आलंय. इथले सर्जन म्हणाले ओपन करू, कमरेत इंजेक्शन देऊन, आतून आधाराला जाळी बसवू. सोलापूरला दाखवलं तर म्हणे दुर्बिणीतून करा, इन्फेक्शनच होत नाही, पण खर्च जवळपास दुप्पट. पैशाचं बघू कसंतरी, पण चुलत्यांच्या पायाची जखम शुगरमुळे ३ महिने भरली नव्हती, ड्रेसिंग मीच करायचो, तेव्हापासून धास्ती बसलीये. खरंच एवढा फरक पडतो का?

माधवी_ओटी:
सागरदादा, मी १७ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. "होतच नाही" असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. जांघेच्या हर्नियात दुर्बिणीला तीन बारीक छिद्रं, ओपनला एक चीर, त्यामुळे टाके लाल होणं, पाणी सुटणं हे दुर्बिणीत थोडं कमी. पण खरी भीती असते आतल्या जाळीला पू धरण्याची, ते दोन्हीकडे क्वचितच होतं, साधारण शंभरात एकापेक्षाही कमी, आणि तिथे दोघांत फारसा फरक नाही. जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून पोटावर हर्निया आला असता तर गोष्ट वेगळी होती, तिथे ओपनमध्ये कातडी बरीच सोडवावी लागते म्हणून जखम जास्त चिघळते, दुर्बिणीचा फायदा तिथे खरा दिसतो.
तुमच्याकडे आधी ते ९.२ खाली आणा. गाठ आत जातेय, दुखत नाहीये, तर सर्जनला विचारून महिना-दोन महिने थांबता येतं, बरेच सर्जन ८ च्या खाली आल्यावरच घेतात. मात्र गाठ आत जाईना, कडक झाली, उलट्या लागल्या तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. विडी असेल तर निदान ४ आठवडे आधी बंद. आणि आदल्या रात्री वॉर्डातले मामा वस्तरा घेऊन आले तर नको म्हणा, वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात आणि जंतू तिथेच धरतात, केस काढायचेच असतील तर क्लिपरने.

विजय_के:
माझं दुर्बिणीतूनच झालं होतं, दुसऱ्या दिवशी घरी आलो, सगळे म्हणाले किती छान. चौथ्या आठवड्यात बेंबीजवळच्या छिद्रापाशी हरभऱ्याएवढी गाठ आली, मग ती फुटून पाण्यासारखा पू यायला लागला, ताप नाही काही नाही, फक्त बनियनला रोज तो पिवळट डाग. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले तरी बंद होईना. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पू कल्चरला (कुठला जंतू आहे ते बघायला लॅबमध्ये) पाठवला तेव्हा कळलं की टीबीच्या जातकुळीतला पण टीबी नसलेला जंतू आहे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि जोडीला दुसरी गोळी असं ५ महिने चाललं. घाबरवत नाहीये, पण छिद्र लहान म्हणून धोका नाही असं समजू नका.

माधवी_ओटी:
विजयदादांना झालं ते आपल्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बघायला मिळतं. हे जंतू पाण्यात असतात. हत्यारं ग्लुटराल्डिहाइड नावाच्या जंतुनाशक द्रावात २० मिनिटं बुडवून नळाच्या पाण्याने धुतली की मरत नाहीत, वर त्या पाण्यातूनच परत चिकटतात, आणि दुर्बिणीच्या हत्यारांचे सांधे नीट उघडून घासले नाहीत तर आत रक्त सुकून बसतं. म्हणून सर्जनना सरळ विचारा, हत्यारं निर्जंतुक कशी करता, ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) की ईटीओ (इथिलीन ऑक्साइड गॅस) की प्लाझ्मा (हायड्रोजन पेरॉक्साइडचं मशीन)? विचारायला लाजू नका, चांगला सर्जन रागावत नाही.

सागर_बार्शी:
ताई, दादा, खूप आभार. म्हणजे आधी शुगर, मग दोन्हीकडे हत्यारांचं विचारून ठरवतो. अजून एक, आई म्हणते भात आणि वांगं दिलं की टाक्यात पू होतो, महिनाभर बंद ठेवायचं का?

माधवी_ओटी:
भाताने पू होत नाही दादा. शुगरमुळे भात वाटीभरच द्या, वांगं खुशाल द्या, जोडीला डाळ, अंडं, भाजी, ताक. जखम भरायला प्रोटीन लागतं आणि पोट साफ राहिलं पाहिजे, कुंथायला लागलं की नव्या जाळीवर ताण येतो. टाक्याखाली मऊ फुगार वाटला तर लगेच पू समजू नका, बऱ्याचदा नुसतं पाणी साठतं आणि आपोआप जिरतं, घरी सुई लावू नका. लाली पसरतेय, ठणकतंय, ताप आला तर दाखवायचं. आणि टाके निघाले म्हणजे संपलं असं नाही, जाळी असते म्हणून ३ महिने लक्ष ठेवा.