परिपाठाचं गाणं मधेच दबतंय, माईकची प्रायॉरिटी नीट कशी लावायची?

खडूफळा:
नमस्कार मंडळी, आमच्या शाळेत (सातारा जिल्हा, १४ वर्ग) यंदा पीए सिस्टीम (सगळ्या वर्गांत घोषणा ऐकवणारी यंत्रणा) बसवली. १२० वॅटचा मिक्सर ॲम्प्लिफायर, १०० व्होल्ट लाईन (एकाच वायरवर बरेच स्पीकर जोडायची पद्धत), प्रत्येक वर्गात ६ वॅटच्या टॅपवर (स्पीकर किती पॉवर घेणार ते ठरवणारी जोडणी) एक स्पीकर आणि ऑफिसबाहेर व्हरांड्यात १५ वॅटवर एक हॉर्न. माईक १ ला मुख्याध्यापक बाईंच्या टेबलावरचा गूजनेक (वाकणाऱ्या दांड्याचा माईक), ऑक्स १ ला (जादा इनपुट) परिपाठाच्या गाण्यांचा मोबाईल, ऑक्स २ ला तासांच्या घंटेचा टायमर. बसवणारा माणूस मागचा एक बारीक स्विच प्रायॉरिटीवर टाकून गेला, म्हणाला बाई बोलल्या की गाणं आपोआप बंद होईल.
आता होतंय असं की बाई काहीच बोलत नाहीत तरी गाणं दोन सेकंद चालतं, दबतं, परत येतं, परत दबतं. आणि बाई खरंच बोलतात तेव्हा पहिला शब्द ऐकूच येत नाही, "सातवीची मुलं ग्राउंडवर" मधलं सातवीच गायब, मग तीन वर्ग बाहेर येऊन उभे. शिवाय बाई बोलत असताना घंटा झाली तर ती पण जाते. गेन (माईक किती आवाज पकडेल ते), व्हॉल्यूम सगळं फिरवून झालं, प्लीज सांगा कुणीतरी.

वायरमन_कोल्हापूर:
सर, ते दबणं ठरावीक वेळाने होतंय का? मग हॉर्नकडे बघा. तुमची प्रायॉरिटी आवाजावर चालणारी आहे, म्हणजे माईक १ मध्ये ठरावीक पातळीच्या वर आवाज आला की ॲम्प्लिफायर बाकीचे इनपुट दाबतो आणि माईक शांत झाला की थोडं थांबून सोडतो. व्हरांड्यातल्या हॉर्नमधलं गाणं दारातून गूजनेकमध्ये शिरतंय, ॲम्प्लिफायरला वाटतं बाई बोलल्या, तो गाणं दाबतो, गाणं दबलं की माईक शांत, मग गाणं परत सोडतो, की परत तेच चक्र. ॲम्प्लिफायर बंद करून हॉर्नची वायर काढा (चालू असताना हात लावू नका, १०० व्होल्ट लाईनचा शॉक बसतो) आणि मग गाणं लावून बघा.

खडूफळा:
दादा, अगदी तेच निघालं! हॉर्न काढला तर पूर्ण गाणं न अडखळता वाजलं. पण हॉर्न काढून ठेवता येणार नाही, ग्राउंडवर ऐकू जायला तोच आहे.

जुना_साउंडवाला:
हॉर्नचं तोंड ग्राउंडकडे फिरवा आणि बाईंना माईक वीतभर अंतरावर घेऊन बोलायला सांगा, म्हणजे गेन कमी ठेवता येईल. तेवढ्याने गाणं सुटेल, पण माझं स्पष्ट मत आहे की शाळेत आवाजावरची प्रायॉरिटी ठेवूच नये. उद्या फाईल टेबलावर आपटली, कुणी खोकलं, की १४ वर्गांत गाणं बंद. आणि पहिला शब्द जातो तोही ह्याचमुळे, कारण बोलायला सुरुवात झाल्यावर मग ॲम्प्लिफायर गाणं दाबायला घेतो, तोवर शब्द गाण्याखाली गेलेला असतो.
मागच्या पट्टीवर प्रायॉरिटी किंवा म्यूट (आवाज बंद) लिहिलेले दोन स्क्रू टर्मिनल आहेत का बघा. बऱ्याच मिक्सर ॲम्प्लिफायरला असतात. ते दोन जोडले गेले की बाकीचे इनपुट लगेच म्यूट होतात. बटण दाबून बोलायचा पेजिंग माईक घ्या, ज्यात त्या बटणाचे वेगळे संपर्क बाहेर काढलेले असतात. दोन वायर माईकच्या, दोन बटणाच्या, वर शील्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारी तारेची जाळी). बाईंनी बटण दाबायचं, एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं. ही केबल स्पीकर लाईनच्या पाइपातून अजिबात नेऊ नका, शिट्टी मारायला लागेल.
घंटेचं म्हणाल तर काही मॉडेलमध्ये म्यूट किती खोल जावं ह्याची स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायची बारीक नॉब असते. ती पूर्ण बंदवर न ठेवता थोडी वर घ्या, म्हणजे बाईंच्या आवाजामागे घंटा हलकी ऐकू येत राहील. पण गाणंही तेवढंच मागे वाजत राहणार, ते चालत असेल तरच.

मॅडम_विज्ञानवाल्या:
एक राहिलं. तुमच्या वर्गात भिंतीवर आवाज कमी करायचे नॉब आहेत का? आमच्या शाळेत आहेत आणि ॲम्प्लिफायरवर प्रायॉरिटी पक्की लावलेली असूनही आग विझवण्याच्या सरावाला दोन वर्ग जागचे हलले नाहीत, कारण शिकवताना त्रास नको म्हणून शिक्षकांनी नॉब शून्यावर ठेवलेले. ॲम्प्लिफायर आतला म्यूट सांभाळतो, भिंतीवरचा नॉब त्याच्या हातात नसतो. त्यासाठी २४ व्होल्ट रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) नॉब मिळतात, घोषणा आली की रिले नॉबला बाजूला सारून पूर्ण आवाज सोडतो, पण त्याला जास्तीच्या वायर ओढाव्या लागतात. आम्ही शेवटी नॉबच काढून टाकले, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

खडूफळा:
खूप खूप आभार सगळ्यांचे. टर्मिनल सापडले, झाकणाखाली होते. वायरचा तुकडा लावून बघितला, गाणं तत्क्षणी बंद, तुकडा काढला की चालू. आवाजावरचा स्विच बंद केलाय, बटणवाला माईक येईपर्यंत बाई बोलायच्या आधी शिपाई मामा मोबाईल थांबवतात. आणि मॅडम, नॉब आमच्याकडेही आहेत, आत्ता जाऊन बघितले तर चार वर्गांत शून्यावर. उद्या सकाळीच इलेक्ट्रिशियनला बोलावतोय.