चरबी ‘वितळवणे’ की ‘कढवणे’?

प्रश्न : अमेरिकेतील एका शिकाऱ्याच्या लेखाचा मी सध्या अनुवाद करतो आहे. शिकारीतल्या हरणाच्या चरबीपासून ‘टॅलो’ कसा काढावा आणि त्यात मधमाशांचे मेण मिसळून बंदुकीच्या शिशाच्या गोळ्यांना लावायचे वंगण घरी कसे करावे, असा विषय आहे. कच्ची चरबी, तयार पदार्थ आणि ती क्रिया यांना इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. माझ्या मसुद्यात मात्र ‘चरबी वितळवून चरबी करावी’ असे वाक्य झाले आहे. ‘टॅलो’साठी ‘वसा’ चालेल का?

उत्तर : आधी क्रियापद पाहू, कारण अडचण तिथेच आहे. ‘वितळणे’ म्हणजे घट्ट वस्तू पातळ होणे, एवढेच. मेण वितळते, बर्फ वितळतो, आणि थंड झाल्यावर तीच वस्तू पुन्हा घट्ट होते. आपल्या लेखातील क्रिया तशी नाही. चरबीचे बारीक तुकडे मंद आचेवर ठेवले की तिच्यातले पाणी उडून जाते, मांसाचे धागे व पापुद्रे आकसून वेगळे पडतात आणि फडक्यातून गाळल्यावर निव्वळ स्निग्ध पदार्थ हाती येतो. हेच आपण लोण्याचे करतो, आणि त्याला कोणीही ‘लोणी वितळवणे’ म्हणत नाही, ‘लोणी कढवणे’ म्हणतो. माझी आजी लोणी कढवताना भांड्याकडे पाहण्यापेक्षा कान देऊन बसत असे. चडचड आवाज मंदावला की पाणी संपले, असे समजून ती जाळ कमी करी आणि खाली बसलेली बेरी तांबूस होताच भांडे उतरवी. चरबीचेही तंत्र तेच आहे, म्हणून ‘चरबी कढवणे’ हाच शब्द मला योग्य वाटतो. मटणाच्या दुकानातून आणलेली चरबी घरी कढवणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

‘वसा’ शास्त्राला धरून आहे. आयुर्वेदात घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत, आणि मेदापासून वसा वेगळी मानली आहे. परंतु आजच्या मराठी वाचकाला ‘वसा’ म्हटले की ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ हेच आठवते, त्यामुळे ‘गोळीला वसा लावावा’ हे वाक्य तो दोनदा वाचील आणि तरीही चाचपडेल. ‘मेद’ शब्द आता वैद्यकाकडे आणि वजनाच्या चर्चेकडे गेला आहे. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘कढवून गाळलेली चरबी, म्हणजे टॅलो’ असे लिहावे आणि पुढे सरळ ‘टॅलो’ म्हणावे.

आणखी एका ठिकाणी जपावे. १८५७ च्या इतिहासामुळे ‘चरबी लावलेली काडतुसे’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी बसला आहे. पण त्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाचे कागदी वेष्टन चरबीने माखलेले असे आणि ते दातांनी तोडावे लागे, म्हणून तो प्रश्न धर्माचा झाला. आपल्या लेखातील वंगण गोळीच्या अंगावरील खाचांत भरतात, जेणेकरून नळीच्या आतील बाजूला शिसे चिकटू नये. म्हणून इथे ‘काडतुसाचे’ नव्हे, ‘गोळीचे वंगण’ लिहावे. ‘स्नेहक’ची गरज नाही, बैलगाडीच्या आसाला घालतात ते वंगण सर्वांच्या ओळखीचे आहे.

‘हरीण’ शब्दाबाबतही एक सूचना. सोलापुरात हरीण म्हटले की नान्नजच्या माळावरचे काळवीट डोळ्यांपुढे येते, आणि त्याची शिंगे कायमची असतात. अमेरिकेतील ते जनावर दरवर्षी शिंगे गाळणारे, म्हणजे आपल्या सांबर-चितळांच्या कुळातले आहे. एका तळटीपेत हे सांगावे, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, हेही तिथेच नोंदवावे.

पुरवणी (दुसऱ्या एका वाचकाची) : माझी सगळी नोकरी सोलापुरातल्या गिरणीत झाली. सुताला लावायच्या खळीत टॅलो पडत असे, त्याने खळ मऊ राहते आणि ताण्याचा धागा तुटत नाही. आम्ही खात्यात ‘टॅलो’च म्हणत होतो, त्यामुळे तो शब्द इथल्या जुन्या कामगारांना परका नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात. चरबीला आम्ही ‘कोव्वु’ म्हणतो आणि शेजारचे कन्नड भाषक ‘कोब्बु’ म्हणतात. मराठीत माजलेल्या माणसाला ‘चरबी चढली’ म्हणतात, तोच अर्थ या दोन्ही शब्दांनाही आहे.

प्रश्नकर्ता : आपणा दोघांचा मी आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे : ‘चरबीचे बारीक तुकडे करून ते मंद आचेवर कढवावेत, आवाज थांबला की फडक्यातून गाळावे, आणि हा टॅलो गरम असतानाच त्यात वितळवलेले मेण घालावे.’ मेणापुरते ‘वितळवणे’ मुद्दाम ठेवले आहे.