अनलॉक्ड आहे म्हणून चालेलच असं नाही

वर विचारलंय की अमेरिकेतून भावाने पाठवलेला अनलॉक्ड फ्लिप फोन (घडी घालून मिटणारा, बटणांचा) मुंबईत चालेल का. अनलॉक्ड म्हणजे तो एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही, एवढंच. आपल्याकडे बहुतेक फोन तसेच विकले जातात, त्यामुळे त्याचं कौतुक तिकडेच.

खरी मेख व्होल्टीची, म्हणजे ४जीवरून कॉल करायच्या सोयीची. जिओकडे २जी-३जी नाहीच, साधा कॉलसुद्धा ४जीवरूनच जातो. तुमच्या फोनचं व्होल्टी इथे चाललं नाही तर दांड्या फुल दिसतील, पण कॉल लागणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घाला, कॉलपुरतं २जीवर उतरता येतं. त्याआधी खोक्यावर जीएसएम ९०० आणि १८०० (इथल्या २जीचे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सी) लिहिलंय का ते बघा.

बाकी मी फ्लिप फोनच रोज वापरतो, मजेत. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने टप्पकन मिटला की कॉल कट, आणि खिशात आपोआप कुणाला फोन लागत नाही. यावर अ‍ॅप नाही, त्यामुळे तिकिटाला मात्र एटीव्हीएमची, म्हणजे स्टेशनवरच्या तिकीट मशीनची रांग. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, पण भाजीवाल्यासमोर उभं राहून फोनवरच्या सूचना ऐकत बटणं दाबायची म्हणजे मागचं गिऱ्हाईक खेकसतंच. मी सुट्टे पैसे ठेवतो. मराठीत एसएमएस करणार असाल तर एका मेसेजात ७० अक्षरंच मावतात, त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. आमच्या आईला मी रोमनमध्येच ‘निघालो’ कळवतो.

भावाला मॉडेल नंबर विचारून इथे टाका, बँड बघून सांगतो.