'अनैतिक' म्हटलं की वर्ग हसतो, मग एथिक्सला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा:
मी मेकॅनिकल शिकवतो. पुढच्या महिन्यात आमच्याकडे प्राध्यापकांसाठी एफडीपी, म्हणजे प्रशिक्षण कार्यक्रम आहे, विषय असा की एथिक्सचा वेगळा पेपर न ठेवता ज्याने त्याने आपापल्या विषयातच ते कसं शिकवायचं. येणारे बरेच जण डिप्लोमा कॉलेजांतले, चर्चा शेवटी मराठीतच होते, म्हणून पुस्तिका मराठीत करायला घेतलीय आणि दोन जागी अडलोय. 'अभ्यासक्रमांतर्गत नीतिशिक्षण' असं नाव दिलं तर सहकारी म्हणतात हा सिलॅबसमधला एखादा टॉपिक वाटतो, आणि आम्हाला तर नेमकं उलटं म्हणायचंय. दुसरं म्हणजे अनएथिकलला 'अनैतिक' लिहिलं होतं. 'बॉयलरचा अनैतिक चाचणी अहवाल' हे वाक्य तिसऱ्या वर्षाला वाचून दाखवलं तर मागच्या बाकांवर खसखस पिकली, कारण त्यांना अनैतिक म्हणजे पेपरातले अनैतिक संबंध एवढंच माहीत. शब्द सुचवा, दोन्हीसाठी.

उंबरझाड:
सर, एथिक्सच ठेवा. मेडिकलला २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला त्यात ॲटिट्यूड, एथिक्स आणि कम्युनिकेशन असा भाग आहे, सगळे त्याला एटकॉम म्हणतात, त्याचं मराठी कुणी केलं नाही आणि कुणाचं अडलंही नाही. तोही वेगळा विषय नाही बरं का, वर्षावर्षांत वाटून दिलाय. पहिल्या वर्षाला मृतदेह हा आपला पहिला शिक्षक असं एक मॉड्यूल आहे, ते ॲनाटॉमीवाल्यांनीच घ्यायचं. शिक्षकांना त्याचं ट्रेनिंग झालं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर गेला, की मी स्नायू आणि नसा शिकवणारा माणूस, मी हे कोणत्या अधिकाराने बोलू? शब्दापेक्षा ही भीती मोठी आहे. डिसेक्शन हॉलमध्ये पोरं सर्रास 'बॉडी' म्हणतात, देहदान करणाऱ्याच्या घरचे लोक आले होते त्या दिवसानंतर आमच्या बॅचमधे तो शब्द आपोआप कमी झाला.

अक्षरशत्रू_नव्हे:
एथिक्स ठेवा म्हणणं म्हणजे हात वर करणं. मराठीत 'नीतिमत्ता' हा सुंदर शब्द आहे, वैद्यकीय नीतिमत्ता, व्यावसायिक नीतिमत्ता, सगळीकडे बसतो. 'नैतिकता' हा मला हिंदीतून आलेला वाटतो, आपल्याकडे जुन्या लेखनात नीतिमत्ताच दिसेल. आणि मूळ बघा, नी म्हणजे नेणे. नेता, नायक, विनय, नीती, न्याय सगळे त्याच धातूचे. जी पुढे नेते ती नीती. एवढं वर्गात सांगितलं तरी विषय निम्मा शिकवून होईल. आणि कृपया, नीती सुटा असेल तर ती दीर्घ, समासात नीतिशास्त्र, नीतिशिक्षण, तिथे ति ऱ्हस्व. तुमच्या पुस्तिकेत बघून घ्या.

तळटीप:
न्याय त्यात घालू नका. पाणिनीकडे न्याय हा नि + इ असा आहे, नी धातूचा नाही. बाकीचे बरोबर.

अक्षरशत्रू_नव्हे:
@तळटीप, नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्रवाल्यांनी, 'नीयते अनेन' (ज्याने नेलं जातं) अशीही फोड केलेली आहे. परंपरेत दोन्ही आहेत.

तळटीप:
ती शास्त्राचं प्रयोजन सांगायला केलेली फोड आहे, व्याकरणातली नाही. असो. खरी अडचण अशी की नीती हा शब्द आता मोकळा राहिलेला नाही. कूटनीती, रणनीती, राजनीती यात नीती म्हणजे डावपेच. नीती आयोगातली नीती तर इंग्रजी आद्याक्षरांची आहे, पण लोक ती धोरण म्हणूनच वाचतात. आचारसंहिता म्हणाल तर निवडणूक आठवते, आचारसंहिता लागली की कामं थांबतात एवढंच डोक्यात येतं. मूल्यशिक्षण म्हटलं की शाळेचा परिपाठ आणि फळ्यावरचा सुविचार. तुमच्या प्राध्यापकांना यातला कोणताही शब्द दिला तरी त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी वर्गात शिरणारच.

शेवंती:
खडूफळा सर, मी कॉमर्सला अकाउंट्स शिकवायचे, आता रिटायर आहे. आमच्या घरी धान्यात खडे मिसळणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल वडील म्हणायचे, 'त्याला कसलाच विधिनिषेध नाही'. तुमच्या अनएथिकलला हाच शब्द आहे, 'विधिनिषेधशून्य चाचणी अहवाल', कुणी हसणार नाही. काय करावं आणि काय करू नये दोन्ही त्यात आलं. मी हे गणितातच घ्यायचे. फायनल अकाउंटचा नेहमीचा प्रश्न, सगळे आकडे तेच, फक्त शेवटी एक ओळ वाढवायची: क्लोजिंग स्टॉक दीड लाखाने वाढवून दाखवा असं मालक म्हणतो कारण बँकेला ताळेबंद द्यायचाय, तर नफा किती बदलेल आणि तुम्ही काय कराल? पहिल्या भागाला उत्तर एकच. दुसऱ्या भागावर मुली तास संपला तरी बोलत असायच्या, कारण त्यातल्या कितीतरी जणींचे भाऊ नाहीतर वडील कुणाच्या तरी दुकानात हिशेब लिहायचे.

नदीकाठ:
शेवंतीताई, तुम्ही जे करत होतात त्याला इकडे नाव आहे. मी शिकागोला असते. इथल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७६ पासून व्यवसायांच्या एथिक्सचं केंद्र आहे, तिथे मायकल डेव्हिस आणि व्हिव्हियन वाइल यांनी १९९० च्या दशकात इंजिनिअरिंग वगैरेच्या प्राध्यापकांसाठी वर्कशॉप घेतली, आपल्याच कोर्समध्ये एथिक्स कसं आणायचं यावर. डेव्हिसने पुढे मायक्रो-इन्सर्शन ही कल्पना मांडली, म्हणजे वेगळं लेक्चर नाही, नेहमीच्याच उदाहरणात थोडी माहिती वाढवायची की उत्तर काढताना त्याचे परिणामही बघावे लागतील. हार्वर्डने २०१७ साली कॉम्प्युटर सायन्समध्ये दुसरी वाट घेतली, तिथे फिलॉसॉफीची माणसं येऊन त्या कोर्समधलं एक मॉड्यूल घेतात. मला पहिली वाट जास्त पटते, कारण बाहेरचा माणूस निघून गेला की विषय त्याच्याबरोबर जातो असं मुलांना वाटू शकतं. शब्द म्हणाल तर 'मुरवणे' बघा. लोणच्यात मीठ मुरतं तसं, 'विषयात मुरवलेलं नीतिशिक्षण'.

अक्षरशत्रू_नव्हे:
मुरवणे विद्यापीठाच्या पुस्तिकेवर? 'विषयान्तर्भूत' म्हणा.

शेवंती:
विषयान्तर्भूत वाचून आमच्या स्टाफरूममधला एकही माणूस पान उलटणार नाही. अगोदरच उजळणी वर्ग आणि उद्बोधन वर्ग म्हणजे प्रमोशनसाठी लागणारं सर्टिफिकेट असं झालंय, त्यात भाषा अशी असेल तर लोक सही करून चहाला जातील.

काळीशार:
विधिनिषेधला माझा विरोध आहे, तो नोंदवतो. शब्द मीमांसेतला, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातला आहे, विधी आणि निषेध कुणी ठरवले आणि कुणासाठी ठरवले हे आम्हाला विसरता येत नाही. विहिरीवर कुणी यायचं नाही हाही निषेधच होता. नीती शब्द टाकून देऊ नका. जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूडमध्ये विद्या गेली म्हणून मती गेली आणि मती गेली म्हणून नीती गेली असा क्रम लावलाय, १८८३ साली. तिथे नीती म्हणजे डावपेचही नाही आणि सोवळंही नाही, ती शिकण्यातून येते. प्राध्यापकांना एथिक्स शिकवायला तयार करायचं तर यापेक्षा चांगला आधार कुठला आहे? अनैतिकवर वर्ग हसतो म्हणून शब्द सोडायचा नाही, हसू का आलं तेच विचारायचं. एका जोडप्याचं खासगी आयुष्य अनैतिक आणि खोटा बॉयलर रिपोर्ट नुसती 'ॲडजस्टमेंट', हे कुणी ठरवलं यावर अख्खा तास होईल.

शेवंती:
काळीशार, तुमचा मुद्दा मान्य आहे तरी मला शब्द सोडवत नाही. बोलीत तो ज्या अर्थाने राहिलाय तो मीमांसेचा नाही, बाजारातल्या माणसाला लावायचा आहे.

काळीशार:
बोलणाऱ्यासाठी नसेल. ऐकणाऱ्यासाठी आहे.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार. स्टॉकचं उदाहरण पुस्तिकेत घेतो, शेवंतीताईंची परवानगी असेल तर. नावाचं अजून ठरत नाहीये. दरम्यान आणखी एक. यूजीसीने पीएचडीवाल्यांना संशोधन आणि प्रकाशनाच्या एथिक्सचा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स सक्तीचा केलाय, तिथे प्लेजरिझम येतं. त्याला वाङ्मयचौर्य म्हणावं तर ते टाईप करतानाच लोक थांबतात. 'उचलेगिरी' चालेल का?

तळटीप:
चालेल की, नेमका आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की पायऱ्यापायऱ्यांनी दंड आहे, तिथे 'उचल किती टक्के' असं सरळ म्हणता येईल.

काळीशार:
उचल म्हणा, उचलेगिरी नको. उचल्या हे एका जमातीचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ पासून कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यातलीच ही. १९५२ साली कागदावर तो शिक्का गेला, भाषेतून गेलेला नाही. भामटेगिरीचंही तेच. एथिक्सच्याच पुस्तिकेत चोरीसाठी तो शब्द यायला नको.

उंबरझाड:
हे मला माहीत नव्हतं. पण मग 'उचल' तरी कशी चालेल, ऊसतोड मजुरांच्या भागात उचल म्हणजे मुकादमाने दिलेला ॲडव्हान्स. आमच्या ओपीडीतले निम्मे पेशंट उचल घेऊन आलेले असतात.

नदीकाठ:
'दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर खपवणे' असं सरळ लिहा, लांब झालं तरी चालेल. आणि सर, विषयाच्या आतच शिकवायच्या नीतिशिक्षणाला नाव काय ठरवलंत?

अक्षरशत्रू_नव्हे:
खपवणे म्हणजे विकणे. 'आपल्या नावावर घालणे' हवं.